येणारे पाणी, जाणारे पाणी

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यात पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातील रुग्णालयांत अचानक असे रुग्ण येऊ लागले, ज्यांच्या पायांतील शक्ती दोन-चार दिवसांत नाहीशी झाली होती. आधी जुलाब-उलट्या, मग हातापायांना मुंग्या, मग चालता न येणे आणि काहींच्या बाबतीत श्वासासाठी यंत्राचा आधार. ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’ हे उच्चारायलाही अवघड असलेले नाव पाहता पाहता घरोघरी पोहोचले. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली, मृत्यूंचा आकडा दोन अंकी झाला आणि केंद्र सरकारला तज्ज्ञांचे पथक पुण्याला पाठवावे लागले. रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला याच परिसराभोवती त्यांची दाटी झालेली दिसली. काही रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जिवाणू आढळला. दूषित पाणी वा अपुरे शिजवलेले अन्न हा त्याचा नेहमीचा मार्ग. मूळ कारणाविषयी वैद्यकीय मंडळी सावधपणे बोलत राहिली आणि ते योग्यच होते. पण त्या निमित्ताने एक गोष्ट निःसंदिग्धपणे उघड झाली. या भागात विहिरीतून पाणीपुरवठा होत होता; त्यात जंतुनाशक घातले जाई, मात्र ते पाणी कोणत्याही शुद्धीकरण केंद्रातून गाळून येत नव्हते.

ही गावे कुठल्या दुर्गम डोंगराळ तालुक्यातील नव्हेत. ती खडकवासला धरणाच्या पायथ्याशी वसलेली आहेत. शुद्धीकरणासाठी पर्वतीकडे जाणारे पुणे शहराचे पाणी मोठमोठ्या बंद वाहिन्यांतून याच परिसरातून पुढे जाते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण मराठीत उगाच आलेली नाही, पण येथे कोरडीपेक्षाही वाईट प्रकार होता. पाणी होते, ते पिण्यायोग्य असल्याची हमी देणारी यंत्रणा नव्हती.

साथ आली की प्रशासन जागे होते, तसे ते येथेही झाले. विहिरीची पाहणी झाली, नमुने घेतले गेले, पाणी विकणाऱ्या खासगी केंद्रांना टाळे ठोकण्यात आले, पाणी उकळून प्या अशी सूचना निघाली. नागरिकांनी पाणी उकळलेही. तथापि, एका महानगराने आपल्या करदात्यांना नळाचे पाणी उकळून पिण्यास सांगावे, यातील विसंगतीची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

गावे आली, वाहिन्या राहिल्या

पुण्याची हद्द ज्या रीतीने वाढत गेली, तो इतिहास पाहिल्याशिवाय या दुखण्याचे मूळ सापडणार नाही. १९९७ मध्ये ३८ गावे महापालिकेत घेण्यात आली. पुढे त्यांतील १५ वगळली गेली. २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली आणि क्षेत्रफळाच्या दृष्टीने पुणे ही मुंबईलाही मागे टाकणारी महापालिका ठरली. या विक्रमाचे कौतुक झाले. पण क्षेत्रफळ कागदावर एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी आणि मलवाहिनी तशा वाढत नाहीत. त्यांना खोदाई लागते, उतार लागतो, पैसा लागतो आणि मुख्य म्हणजे आधी विचार लागतो.

हा विचार कोणी करायचा, याचेच उत्तर नव्हते. ग्रामपंचायतीच्या काळात विहीर, कूपनलिका आणि घरामागचा शोषखड्डा यांवर दोन-पाच हजारांचे गाव चालत असे. त्याच गावात बारा-बारा मजली इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हाही विहीर तीच राहिली आणि शोषखड्ड्याच्या जागी उघडे गटार आले. २०२१ च्या समावेशानंतर तर गंमतच झाली. २३ गावे महापालिकेत आली, पण त्यांच्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती करण्यात आली. म्हणजे बांधकामाचा नकाशा मंजूर करणारा एक, विकासशुल्क घेणाराही तोच, आणि त्या इमारतीत राहायला आलेल्या माणसाने पाणी मागण्यासाठी जायचे ते दुसऱ्याच दारी! ज्याने घर बांधू दिले त्याच्याकडे पाणी नाही, आणि ज्याच्याकडे पाणी आहे त्याला घर बांधू देताना कोणी विचारले नाही.

अशा वेळी पोकळी भरून काढायला टँकर सदैव तत्पर असतो. पुण्यात वर्षाकाठी टँकरच्या फेऱ्या लाखांच्या घरात होतात आणि त्यांतील मोठा वाटा या नव्याने आलेल्या भागांचा असतो. गृहनिर्माण संस्थेच्या जमाखर्चात सर्वांत मोठी रक्कम पाण्याची, हे तेथील रहिवाशांना आता आश्चर्याचे वाटत नाही. महापालिकेची व्यवस्था होईपर्यंत पाणी पुरवण्याची हमी बांधकाम व्यावसायिकाने लिहून दिलेली असते. त्या हमीचे पुढे काय होते, याचा अनुभव बहुतेक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आहे. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे, ते कोणी तपासले, हे विचारण्याची सोय नसते. सकाळी टँकर आला नाही तर दुपारपर्यंत स्वयंपाकघर बंद, एवढाच तेथील हिशेब.

या साऱ्या काळात महापालिकेत लोकनियुक्त सदस्य नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि नवी निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे प्रशासकाच्या हाती कारभार होता. साथ आली तेव्हा नांदेडच्या रहिवाशाला जाब विचारायला स्वतःचा नगरसेवकच नव्हता. गावाला पूर्वी सरपंच तरी होता, तोही समावेशाबरोबर गेला.

पुण्याची जुनी जाण

खरे तर पाण्याचे शहाणपण पुण्याला बाहेरून शिकण्याची गरज नव्हती. अठराव्या शतकाच्या मध्यावर बाळाजी बाजीराव तथा नानासाहेब पेशवे यांनी कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत चुन्यात बांधलेला नळ आणला. पंप नाही, वीज नाही; केवळ उताराच्या हिशेबावर पाणी काही कोस चालत आले. वाटेत गाळ खाली बसावा म्हणून कुंड्या, आत कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून उच्छ्वास, आणि पेठापेठांतून लोकांसाठी हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावे अजून पुणेकरांच्या तोंडी आहेत. नगराचा विस्तार होण्याआधी पाण्याची वाट आखायची, ही त्यामागची दृष्टी होती. ज्या शहराच्या पोटातून हा नळ गेला, त्याच शहरात आज इमारत आधी, वाहिनी मागून हा क्रम रूढ व्हावा, हे दुर्दैव आहे.

अर्थात भूतकाळाकडे केवळ अभिमानाने पाहून चालत नाही. त्या काळी पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क नव्हता. १८६८ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुला केला, त्याला सुधारणा म्हणावे लागले यातच त्या व्यवस्थेची मर्यादा आली. दुसरी मर्यादा अशी की, येणाऱ्या पाण्याचे जेवढे नियोजन झाले, तेवढे जाणाऱ्या घाणीचे झाले नाही. ती वाहून नेण्याचे काम समाजाने एका वर्गाच्या डोक्यावर, अक्षरशः डोक्यावर, दिले आणि मग त्यालाच दूर लोटले. मलवाहिनी हा केवळ अभियांत्रिकीचा विषय नाही, तो सामाजिक न्यायाचाही विषय आहे, तो या अर्थाने.

पुढे इंग्रजी अमदानीत, १८७० च्या दशकात, खडकवासल्याचे धरण झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याबरोबर खडकवासलाही गेले. पुण्याच्या मनावरचा तो घाव जुन्या पेठांत अजून बोलला जातो. पानशेत पुन्हा उभे राहिले, वरसगाव आले, टेमघर आले. चारही धरणे मिळून आज सुमारे २९ टीएमसी साठा होतो. देशातील फार थोड्या महानगरांना इतके पाणी इतक्या जवळ आणि बव्हंशी उताराने मिळते. पुण्याला पाण्याची उणीव आहे असे म्हणणे म्हणजे कृतघ्नपणा ठरेल. उणीव आहे ती पाणी नीट वाटण्याची आणि वापरलेले पाणी नीट परत घेण्याची.

दोन वाहिन्या, एकच सेवा

नागरिकाच्या दृष्टीने पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची तो वाट पाहतो, दुसरीचा विचारही त्याला नकोसा वाटतो. महापालिकेतही त्यांची खाती वेगळी, अभियंते वेगळे, निविदा वेगळ्या. परंतु जमिनीखाली या दोन वाहिन्या अनेकदा हातभर अंतरावरून, समांतर जात असतात आणि तेथे त्यांचे नाते फार घनिष्ठ असते.

ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. जलवाहिनीत दाब असेपर्यंत तिला भेग असली तरी पाणी आतून बाहेर जाते. बाहेरचे आत येत नाही. दिवसातून दोन तास पाणी सोडून व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनी रिकामी होते आणि आत पोकळी निर्माण होते. त्या वेळी शेजारची मलवाहिनी तुंबलेली असेल, तिचे पाणी मातीत मुरलेले असेल, तर तीच भेग ते आत ओढून घेते. दुसऱ्या दिवशी नळ सोडताच पहिला बादलीभर गढूळ पाण्याचा लोट येतो, तो येथून आलेला असतो. घरोघरी पहिले पाणी ओतून देण्याची जी सवय पडली आहे, ती या अनुभवातूनच आली आहे. म्हणजे अपुरा, खंडित पाणीपुरवठा आणि नादुरुस्त गटार हे दोन स्वतंत्र दोष नसून दोहोंच्या संगनमताने रोग होतो. एक विभाग पाण्याची वाहिनी बदलतो, दुसरा गटार तसेच ठेवतो, आणि साथ आली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

चोवीस तास पाणी ही चैन आहे, असा एक समज शहरी मध्यमवर्गातही आहे. तो चुकीचा आहे. वाहिनीत सतत दाब राहणे हेच आरोग्याचे पहिले संरक्षण होय. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेचा गाभा हाच होता: ८२ साठवण टाक्या, १४१ विभाग, सुमारे तीन लाख मीटर. काम २०१८ मध्ये सुरू झाले आणि लांबत गेले. टाक्या दिसू लागल्या, मीटरही बसले. पण घरगुती देयक मीटरवर काढण्याचा विषय आला की सर्वपक्षीय एकमत होते, ते म्हणजे ‘सध्या नको’. व्यावसायिक जोडांना मीटर आहे. घरगुती ग्राहक मात्र मालमत्ता कराबरोबर ठरावीक पाणीपट्टी भरतो, मग तो दोन बादल्या वापरो की अंगणातील हिरवळ भिजवो.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी साताऱ्याकडे पाहावे. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूर या छोट्याशा नगरपंचायतीने २००० च्या दशकाच्या अखेरीस चोवीस तास पाणी देऊन दाखवले, घरोघरी मीटर बसवले आणि वापर वाढेल तसा दर वाढेल अशी आकारणी ठेवली. कमी वापरणाऱ्याला कमी देयक आले, तेव्हा मीटरला होणारा विरोध आपोआप निवळला. दूरवर ओडिशात जगन्नाथपुरीने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी प्यावे इतकी शुद्धता शहरभर देण्याची व्यवस्था उभी केली. लक्षावधी यात्रेकरूंचा भार सोसणारे हे तीर्थक्षेत्र जे करू शकते, ते पुण्यासारख्या उद्योगनगरीला जमू नये, असे मानण्याचे कारण नाही.

भूमिपूजनाचे गटार

जाणाऱ्या पाण्याची कहाणी अधिक खेदजनक आहे. गटाराला कोणी वाली नसतो, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. गल्लीतील ड्रेनेज लाइनचे भूमिपूजन हा लोकप्रतिनिधींचा आवडता कार्यक्रम. प्रभागाच्या निधीतून दोनशे-तीनशे फूट वाहिनी टाकायची, फलक लावायचा, नारळ फोडायचा. नागरिकही खूश, कारण दारातील घाण दिसेनाशी होते. ती वाहिनी पुढे कुठे जोडली आहे, हे मात्र फलकावर लिहिलेले नसते. पुढे मुख्य मलवाहिनी नसेल तर ती जवळच्या ओढ्याला जाऊन मिळते. अशा शेकडो तुकड्यांनी मिळून शहराचे ओढे गटारे झाले. काही ठिकाणी तर मुख्य मलवाहिन्याच ओढ्यांच्या पात्रातून टाकल्या गेल्या. पावसाळ्यात ओढा फुगला की चेंबर त्यात बुडतात, वाहिन्या फुटतात आणि पूर ओसरल्यावर घराघरांत जो गाळ उरतो तो निव्वळ मातीचा नसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने जो संहार केला, त्यानंतर काठावरच्या वसाहतींनी हे सारे डोळ्यांनी पाहिले.

व्यावसायिकांचे याबाबतीतले वर्तनही तपासायला हवे. उपाहारगृहाचे तेल, गॅरेजचे वंगण, बांधकामाचा सिमेंटमिश्रित राडा, हे सर्व रात्री चेंबरमध्ये ओतून देणारे थोडे नाहीत. तेल थंड झाले की वाहिनीच्या आतून थर धरते आणि महिन्याभरात वरच्या बाजूच्या वस्तीतील न्हाणीघरांतून पाणी उलटे येऊ लागते. तेल अडवणारी साधी टाकी बसवून घेणे हा परवान्याचा भाग करता येतो. ती आहे की नाही, हे वर्षातून एकदा जाऊन पाहणे एवढेच उरते. सर्व व्यावसायिक तसे नाहीत, हे खरे. उलट पाण्याचे मीटरवरचे देयक आणि करही भरून टँकरचे पैसेही देणारा लहान उद्योजक या व्यवस्थेत सर्वांत जास्त नाडला जातो.

आता थोडे आकडे पाहू. महापालिका वर्षाला २० टीएमसीहून अधिक पाणी उचलते. २० टीएमसी धरले तरी दिवसाला सुमारे १५५ कोटी लिटर होतात. वापरलेल्या पाण्यापैकी ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, हा सर्वमान्य हिशेब. त्याने सुमारे १२४ कोटी लिटर मैलापाणी तयार होईल. शहरातील जुन्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता ५६.७ कोटी लिटर आहे. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जसाहाय्यातून ११ नवी केंद्रे आणि ३९.६ कोटी लिटरची वाढ, असा सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. मंजुरी २०१६ ची; प्रत्यक्ष बांधकामाला हात लागेपर्यंत २०२२ उजाडले. दोन्ही मिळून ९६.३ कोटी. प्रशासन यावर म्हणेल की, बरेच पाणी गळतीत मुरते, त्यामुळे मैलापाणी एवढे नसतेच. हे खरे आहे. पण मग गळती थांबवण्याची योजना यशस्वी झाली की मैलापाणी वाढणार, याची तजवीज त्याच वेळी व्हायला नको का? शिवाय हा प्रकल्प आखला गेला तेव्हा २०१७ आणि २०२१ ची गावे महापालिकेच्या हद्दीतच नव्हती. आणि केंद्राची क्षमता कितीही वाढवली तरी मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचवणारी वाहिनी नसेल तर केंद्र कोरडे आणि नदी भरलेली, असे चित्र दिसते.

चेंबरमध्ये उतरणारा माणूस

या विषयाची एक बाजू वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींत येते आणि विसरली जाते. तुंबलेली वाहिनी मोकळी करण्यासाठी चेंबरमध्ये उतरलेले कामगार विषारी वायूने गुदमरून मरतात. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला. तरीही खासगी सोसायट्यांच्या टाक्यांत आणि ठेकेदारांच्या कामांवर माणसे उतरवली जातातच, कारण यंत्र मागवण्यापेक्षा ते स्वस्त पडते. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा गेली असे ज्यांना वाटते, त्यांनी हे काम करणाऱ्यांच्या वस्तीत एकदा जाऊन यावे. नाव बदलले, पगारपत्रकावर ठेकेदाराचे नाव आले. माणूस बव्हंशी त्याच समाजाचा राहिला. ज्या समाजाला आपले ऐक्य प्रिय आहे, त्याने हा प्रश्न महापालिकेच्या आरोग्य खात्यावर सोपवून स्वस्थ बसणे शोभणारे नाही. आपल्या सोसायटीची टाकी साफ होताना तेथे यंत्र आहे की माणूस, एवढे पाहणे तर प्रत्येक सभासदाच्या हाती आहे.

पुण्याखाली कोण राहतो?

मुळा आणि मुठा यांचा संगम शहरात होतो, पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते. कित्येक वर्षे सोलापूरकरांना चार-पाच दिवसांआड पाणी मिळत आले, आणि तेही कोणत्या गुणवत्तेचे, तर वरच्या अंगाच्या दोन महानगरांनी आणि औद्योगिक वसाहतींनी जे सोडले ते पोटात घेऊन आलेले. इंदापूर तालुक्यातील पाणलोटाकाठच्या गावांत उन्हाळ्यात पाण्याला हिरवा रंग आणि उग्र वास येतो. तेथील मच्छीमार आणि शेतकरी त्याची कारणे कोणा तज्ज्ञाला विचारत नाहीत. उजनीच्या खाली पंढरपूर आहे. आषाढीला लाखो वारकरी ज्या चंद्रभागेत स्नान करतात, तिच्यात पुण्याच्या न्हाणीघरांचा वाटा असतो. २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा केली, त्यामागची भावना उत्तमच होती, परंतु चंद्रभागेची शुद्धी पंढरपूरच्या घाटावर होणार नाही, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या चेंबरमध्ये होईल. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस पाहूनही हे ज्यांना उमगत नाही, त्यांना आरती करण्याचा अधिकार कितपत आहे, असा प्रश्न वारकऱ्यांनी विचारला तर उत्तर देणे अवघड जाईल.

आणखी एक देवाणघेवाण लक्षात घेण्याजोगी आहे. खडकवासल्याचे पाणी केवळ पुण्याचे नाही. कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती अवलंबून आहे. शहर जादा पाणी घेते, त्या बदल्यात शुद्ध केलेले सांडपाणी शेतीला परत द्यावे, असे ठरले आणि मुंढव्याला नदीतून पाणी उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची यंत्रणा उभी राहिली. वर्षाला ६.५ टीएमसी पाणी परत, असा तो बेत होता. बेत योग्यच होता. पण परत दिलेले पाणी पुरेसे शुद्ध नसेल तर शेतकऱ्याने स्वच्छ पाणी देऊन घाण पाणी घेतले, असे होते. जलसंपदा विभाग आणि महापालिका यांच्यात कोट्यावरून व थकबाकीवरून जी पत्रापत्री चालते, तीत या शेतकऱ्याचे नाव क्वचितच येते.

नव्या सभागृहासमोर

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. तीत घरगुती, औद्योगिक आणि वाणिज्यिक वापरासाठी पाणीपुरवठा हा एक विषय आहे आणि त्याला लागूनच सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा पुढचा विषय आहे. घटनेने शेजारी ठेवलेले हे विषय महापालिकेने दोन टोकांना नेऊन ठेवले. मालमत्ता कराच्या देयकात जललाभ कर आणि जलनिस्सारण लाभ कर अशी रकाने असतात. समाविष्ट गावांना कर टप्प्याटप्प्याने लागतो, हे खरे. पण ज्या घराला ना शुद्ध पाणी पोहोचले ना मलवाहिनी, त्या घरमालकाने ‘लाभ’ या शब्दाचा अर्थ काय लावायचा? फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे समावेशानंतर काही वर्षांतच महापालिकेतून बाहेर पडून स्वतंत्र नगर परिषदेकडे गेली. शहराचा कचरा वर्षानुवर्षे सोसणाऱ्या या गावांनी शहरात राहणेही नको म्हणावे, यातून काही बोध झाला असेल अशी आशा आहे.

जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांपुढे रस्ते, मेट्रो, नदीकाठ सुशोभीकरण असे अनेक आकर्षक विषय आहेत. नदीकाठ सुशोभित करण्याला विरोध करण्याचे कारण नाही, परंतु काठावर बाक टाकण्याआधी पात्रात येणारे प्रत्येक नाल्याचे तोंड मोजून त्याचा निकाल लावणे, हा क्रम उलटा करता येत नाही. समाविष्ट गावांत नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना जलवाहिनी आणि मुख्य मलवाहिनीशी जोड प्रत्यक्ष झाला आहे का, हे तपासण्याची अट ठेवली तर बांधकाम व्यवसायाचे काही बिघडणार नाही; उलट वाहिनी लवकर यावी म्हणून तोच महापालिकेच्या मागे लागेल. प्रभागनिधीतून टाकलेल्या प्रत्येक ड्रेनेज लाइनचा शेवट कुठे होतो, याचा नकाशा प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात लावता येईल. आणि ज्या विहिरींवर वा टाक्यांवर अजूनही वस्ती अवलंबून आहे, त्यांच्या पाण्याचे नमुने महापालिका तपासतेच. त्या तपासणीचे निकाल दर आठवड्याला त्याच टाकीच्या फाटकावर मराठीत लिहून लावायचे, तर त्यासाठी ना निविदा लागते, ना कर्ज, ना मुख्य सभेचा ठराव.